ताडपत्रीला नवे बंध जोडताना: सुई कुठे चालवावी आणि कुठे चालवू नये

मुक्कामासाठी घेतलेल्या ताडपत्रीला बहुधा चार कोपऱ्यांना चार बंध असतात आणि फार तर प्रत्येक कडेच्या मध्यावर एकेक जास्तीचा असतो. हवा शांत असेल तोवर तेवढे पुरतात. वारा सुटला, की दोन बंधांमधली कड फडफडू लागते, मधला भाग झोळीसारखा खाली येतो, त्या झोळीत पावसाचे पाणी साचते, आणि आणखी दोन-तीन ठिकाणी ओढ देण्याची सोय हवी होती हे तेव्हा लक्षात येते. ही सोय घरी करता येते. शिवणकामाची जुजबी ओळख आणि भरपूर सबुरी एवढ्या भांडवलावर ती होते. अडचण आहे ती एवढीच, की जिथे बंध जोडायचा तिथेच कापडावर सर्वांत जास्त ताण येणार असतो आणि नेमक्या त्याच जागी आपण सुईने भोके पाडायला निघालेलो असतो. त्यामुळे गळती आणि फाटणे या दोन्ही गोष्टींची सुरुवात एकाच ठिकाणी होऊ शकते.

म्हणून पुढील सगळ्या कामाचा पाया असलेला नियम आधीच सांगतो. कडेचा बंध शिवावा, पोटातला बंध चिकटवावा. कडेला कापड दुमडून दुहेरी-तिहेरी झालेले असते आणि तिथे पोहोचलेले पाणी पुढच्याच क्षणी खाली ठिबकणार असते, त्यामुळे तिथल्या टाक्यांतून थोडेसे पाणी झिरपले तरी ते कोणाच्या अंथरुणावर पडत नाही. मधल्या भागात मात्र कापड एकेरी असते, वरच्या साऱ्या उतारावरचे पाणी त्यावरून वाहत येते, आणि तिथले प्रत्येक भोक बरोबर आपल्या डोक्यावर असते. मधल्या भागात बंध हवाच असेल, तर तो आधी एका वेगळ्या ठिगळावर शिवून घ्यावा आणि मग ते ठिगळ ताडपत्रीवर चिकटवावे. ताडपत्रीला सुईचे टोकही लागू देऊ नये.

आधी खडा बांधून पाहावे

नवशिके लोक बहुतेक वेळा बंधाची जागा घरी जमिनीवर ताडपत्री पसरून, फूटपट्टीने मोजून ठरवतात. जमिनीवर सपाट पसरलेले कापड आणि दोन झाडांमध्ये ताणलेले कापड यांचा आकार सारखा नसतो, त्यामुळे मोजून अचूक काढलेली जागा प्रत्यक्षात वीतभर चुकलेली निघते. जागा ठरवण्याचा खात्रीचा उपाय जुना आहे आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

ताडपत्री नेहमी ताणतो तशी ताणावी. जिथे ओढ हवी असे वाटते तिथे आतल्या बाजूने गोटीएवढा गुळगुळीत, कंगोरे नसलेला खडा कापडाला लावावा, बाहेरून तो कापडासकट चिमटीत धरावा आणि त्याच्यामागे जी मान तयार होते तिच्याभोवती दोरी अडकवावी. दोरी अडकवताना ती मध्यावर दुमडावी, दुमडीचा फासा मानेवर ठेवून दोन्ही मोकळी टोके त्या फाशातून ओवावीत आणि खेचावीत. ओढ जितकी वाढेल तितका हा फास आवळत जातो आणि ओढ सोडली, की सहज सुटतो. खडा नसेल तर रबरी चेंडू किंवा गुंडाळलेला मोजासुद्धा चालतो. या बंधात भोक पडत नसल्याने गळण्याचा प्रश्नच येत नाही.

ही तात्पुरती ओढ एक-दोन मुक्कामांत, शक्य तर पावसात, वापरून पाहावी आणि समाधान झाले, की कापडावर तिथे खडूने किंवा चिकटपट्टीच्या तुकड्याने खूण करावी. प्रामाणिकपणे सांगायचे, तर वर्षातून दोनदाच ताडपत्री वापरणाऱ्याला खड्याच्या बंधापलीकडे जाण्याची गरज सहसा पडत नाही. त्याचे दोष दोनच. मानेभोवती कापड गोळा होत असल्याने आसपास सुरकुत्या पडतात, आणि तीच जागा वारंवार आवळली गेली, तर कापडावरचा जलरोधक लेप तिथे चुरगळून झिजतो. मुक्काम संपल्यावर खडा काढून ठेवावा. ताडपत्रीची घडी खड्यासकट घालू नये.

कापड ओळखल्याशिवाय गोंद उघडू नये

कायमचा बंध करायचा ठरले, तर पहिला प्रश्न कापडाचा असतो. हलक्या ताडपत्र्या बहुधा नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाच्या असतात आणि त्यांच्यावर सिलिकॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप असतो. अनेक ताडपत्र्यांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असे दोन्ही लेप दिलेले असतात. हा तपशील क्षुल्लक वाटला, तरी सगळे काम त्यावर उभे असते, कारण सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज जवळजवळ काहीच टिकाऊपणे चिकटत नाही. पॉलियुरेथेनचा उत्तम गोंद सिलिकॉनच्या लेपावर लावला, तर तो दुसऱ्या दिवशी वाळलेल्या सालीसारखा अखंड सोलून निघतो. उलट पॉलियुरेथेनच्या बाजूला त्याच जातीचा गोंद घट्ट बसतो.

कापडासोबत आलेली माहिती हाताशी नसेल, तर दोन गोष्टींवरून अंदाज बांधता येतो. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला मधल्या शिवणीवर कारखान्यातच पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल, तर ती बाजू पॉलियुरेथेनची आहे असे समजावे, कारण दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर तशी पट्टी बसत नाही. दुसरी कसोटी थोडी वेळखाऊ असली, तरी निर्णायक आहे. कडेच्या दुमडीजवळ, जिथे डाग पडला तरी चालेल अशा ठिकाणी, सिलिकॉन सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या चिकट लगद्याचा, मुगाएवढा थेंब लावून पसरावा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी तो नखाने उचलून पाहावा. सहज सोलला गेला, तर लेप सिलिकॉनचा नाही. कापडाला धरून राहिला आणि ओरबाडून तुकड्या-तुकड्यांनी निघाला, तर तो सिलिकॉनचा आहे. ही चाचणी दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे करावी.

नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला फरकही ध्यानात असू द्यावा. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर सैलावते, त्यामुळे संध्याकाळी ताठ बांधलेली ताडपत्री रात्रीच्या पावसात झोळू लागते. पॉलिएस्टर त्या मानाने फारच कमी सैलावते. मधला भाग झोळतो म्हणून बंध वाढवायला निघालेल्या नायलॉनच्या मालकाने आधी तणावे पुन्हा एकदा ताणून पाहावेत; कित्येकदा दुखणे तेवढेच असते.

सामान

ठिगळासाठी ताडपत्रीच्याच जातीचे, किंचित जाड कापड घ्यावे. फाशासाठी १५ ते २० मिलिमीटर रुंदीची घट्ट विणीची नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची पट्टी लागते. पाठपिशवीच्या पट्ट्यांना असते तशीच, पण पातळ. पट्टी कापल्यावर तिची टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून वितळवून घ्यावीत, म्हणजे धागे सुटत नाहीत. दोरा शंभर टक्के पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, आणि नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी उन्हात पॉलिएस्टरइतका टिकत नाही.

सुईबद्दल लोक उगाच उदार असतात. मशीनच्या सुईवरचा क्रमांक म्हणजे तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. ८० क्रमांकाची सुई ०.८ मिलिमीटर जाडीची आणि ११० क्रमांकाची १.१ मिलिमीटर जाडीची असते. पातळ कापडासाठी ८० किंवा फार तर ९० क्रमांकाची नवी, धारदार सुई पुरते. बोथट सुई धागे बाजूला सारण्याऐवजी तोडते आणि लेपाला तडा पाडते. टाचण्या ताडपत्रीला लावूच नयेत. जिथे तुकडे धरून ठेवायचे तिथे कपड्यांचे चिमटे किंवा कागदाच्या क्लिपा वापराव्यात.

याशिवाय कापडाला जुळणारा गोंद (सिलिकॉनच्या लेपासाठी सिलिकॉन सीलंट हाच गोंद), पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, कडा झाकायला मास्किंग टेप, गोंद पसरायला जुने प्लॅस्टिकचे कार्ड आणि टाल्कम पावडर एवढे जवळ असावे. सिलिकॉन सीलंट घेताना वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा प्रकार शक्यतो टाळावा. तो वाळताना ॲसेटिक आम्ल बाहेर टाकतो आणि जवळच्या पितळी आयलेटांना, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांतल्या कड्यांना, त्यामुळे गंज चढतो. 'न्यूट्रल क्युअर' असे लिहिलेला प्रकार घ्यावा.

कडेचा बंध

कडेची दुमड ही ताडपत्रीतली सर्वांत मजबूत पट्टी. नवा बंध त्या दुमडीवरच यावा, तिच्या आत एकेरी कापडावर नव्हे. तरीही नुसती पट्टी दुमडीवर शिवली, तर सारी ओढ दोन बोटांएवढ्या जागेवर येते, आणि जोराचा झोत आला, की पट्टी शाबूत राहून तिच्या मागचे कापड अर्धचंद्रासारखे फाटून निघते. म्हणून मागे ठिगळ हवे.

हे ठिगळ अर्धगोल कापावे: सरळ बाजू कडेला आणि गोलाई आतल्या दिशेला, कडेपासून साधारण ७ ते ८ सेंटिमीटर खोल. कोपरे असलेले ठिगळ कोपऱ्यापासून सोलायला सुरुवात होते, शिवाय कोपऱ्यापाशी ताण एकवटतो. गोलाईवर तो वाटला जातो. ठिगळ कापताना त्याचे उभे-आडवे धागे ताडपत्रीच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवून घ्यावेत. शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या तिरप्या दिशेला कापड फार ताणले जाते. ठिगळ तिरपे बसले, तर ताडपत्री आणि ठिगळ वेगवेगळ्या दिशांना ताणली जातात आणि मधे कायमची सुरकुती पडते.

आता क्रम असा. ठिगळाची गोल बाजू गोंदाने ताडपत्रीच्या आतल्या बाजूला चिकटवून वाळू द्यावी, म्हणजे शिवताना ते सरकत नाही आणि आतल्या गोलाईवर टीपही घालावी लागत नाही. नंतर सुमारे १२ सेंटिमीटर पट्टी घेऊन ती मध्यावर दुमडावी. दुमडीचा फासा कडेबाहेर २ सेंटिमीटर राहील आणि पट्टीचा एक पाय कडेच्या वरून, दुसरा खालून येईल अशी ती कडेला कवटाळून बसवावी. मग पट्टीचे दोन्ही पाय, कड आणि ठिगळ एकत्र धरून शिवावेत. आधी चौकोन शिवावा आणि मग त्याच्या आत कर्णांवर फुली घालावी. टाक्याची लांबी ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण हा समज इथे घात करतो; टपालाच्या तिकिटांच्या कागदावर जशी भोकांची रांग असते, तशी रांग कापडावर तयार होते आणि कापड त्याच रेषेवर फाटते. त्याच कारणाने मजबुतीसाठी एकाच जागी पाच-सहा वेळा मागेपुढे टीप मारू नये. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार उलटे टाके पुरतात.

लेप दिलेले कापड मशीनच्या दाताखाली निसटते. पुढून आणि मागून दोन्ही हातांनी ते हलके ताणून धरावे, चाक पहिले काही टाके हाताने फिरवावे, आणि आधी त्याच कापडाच्या टाकाऊ तुकड्यावर दोऱ्याचा ताण पाहून घ्यावा. हाताने शिवायचे असल्यास उलटी टीप घालावी. साधा धावदोरा इथे निरुपयोगी आहे, कारण एक टाका तुटला, की तो सगळाच सुटत जातो. हाताने शिवलेला बंध मशीनच्या बंधापेक्षा कमी टिकतो असे मुळीच नाही, त्याला फक्त वेळ लागतो.

पोटातला बंध

हे काम खरे कौशल्याचे. गोंदाच्या स्वभावाबद्दल एक गोष्ट आधी समजून घेतली, की पुढच्या सगळ्या सूचनांचा अर्थ लागतो. चिकटवलेले दोन तुकडे एकमेकांवरून सरकवण्याचा प्रयत्न केला, तर साऱ्या क्षेत्रफळावरचा गोंद एकत्र विरोध करतो. पण एक कड उचलून सोलायला लागले, तर त्या क्षणी फक्त त्या कडेच्या बारीक रेषेतला गोंद झुंजत असतो. पोटातला बंध कापडाला बाहेरच्या दिशेने, म्हणजे जवळजवळ काटकोनात खेचतो, म्हणून तिथे सोलण्याचा धोका सर्वांत मोठा. त्यावर उपाय म्हणजे फासा ठिगळाच्या अगदी मध्यावर ठेवणे आणि ठिगळ मोठे घेणे. ६ सेंटिमीटर व्यासाच्या गोल ठिगळाचे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरते, तर १० सेंटिमीटर व्यासाच्या ठिगळाचे ७८. व्यास दुप्पटही झालेला नसताना चिकटण्याची जागा पावणेतीन पटींनी वाढते. १० सेंटिमीटरपेक्षा लहान ठिगळ मी पोटात लावत नाही.

ठिगळासाठी वाटी किंवा डबा उलटा ठेवून गोल आखावा आणि कापावा. ९ सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्यावी. तिच्या मधल्या ३ सेंटिमीटरचा उठावदार फासा सोडून दोन्ही बाजूंचे तीन-तीन सेंटिमीटर ठिगळाच्या मध्यभागी सपाट बसवून चौकोन आणि फुलीने शिवावेत. पट्टीखाली, ठिगळाच्या मागच्या बाजूला, त्याच कापडाचा आणखी एक लहान गोल तुकडा घालून दोन्ही एकदम शिवले, तर ठिगळच फाटण्याची भीती राहत नाही. शिवून झाल्यावर ठिगळाच्या मागे दिसणारे टाके गोंदाच्या पातळ थराने भरावेत. हे टाके पुढे गोंदात कायमचे गाडले जाणार आहेत, आणि त्यांच्यापलीकडे ताडपत्रीचे कापड अभंग राहणार आहे.

चिकटवण्याच्या आदल्या दिवशी ताडपत्री नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. सपाट फळीवर प्लॅस्टिकचा कागद घालून तिच्यावर ताडपत्रीचा तेवढाच भाग सुरकुत्या न पडता पसरावा. खुणेभोवती ठिगळाच्या आकारापेक्षा ५ मिलिमीटर मोठे वर्तुळ मास्किंग टेपने मोकळे ठेवावे. ताडपत्रीची जागा आणि ठिगळाची मागची बाजू अल्कोहोलने पुसून दहा मिनिटे वाळू द्याव्यात. त्यानंतर त्या जागांना बोट लावू नये. बोटांवरचे तेल गोंदाचा वैरी असते.

गोंद दोन्ही पृष्ठांवर पसरावा आणि कार्डाने निथळून पातळ, सलग थर ठेवावा. सिलिकॉनवर काही मिनिटांतच साय धरू लागते, म्हणून ती येण्याआधी ठिगळ ठेवले गेले पाहिजे. ठिगळ एका कडेकडून हळूहळू खाली आणत ठेवावे, मग बाटली आडवी धरून मध्यापासून कडेकडे लाटावी, म्हणजे हवेचे बुडबुडे बाहेर जातात. पट्टीचा फासा मधे येत असल्याने बाटली त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरवावी लागते आणि फाशालगतची जागा अंगठ्याने दाबावी लागते. फार जोरही लावू नये. सगळा गोंद पिळून बाहेर काढला, तर चिकटायला आत काही उरत नाही. पट्टीची लांबी उताराच्या दिशेला ठेवावी, म्हणजे वाहते पाणी तिच्या कडेला अडून साचत नाही. बाहेर आलेला गोंद बोटाने ठिगळाच्या कडेवर निमुळता ओढावा, त्यामुळे कड झाकली जाते आणि सोलायला सुरुवात होण्याची जागा उरत नाही. मास्किंग टेप गोंद ओला असतानाच काढावी.

आता वाट पाहायची. एका नळीतून येणारे सिलिकॉन हवेतल्या बाष्पावर वाळते. ठिगळ आणि ताडपत्री दोन्हींवर लेप असल्याने हे बाष्प मुख्यतः कडेकडून आत शिरते. त्यामुळे कड एका दिवसात घट्ट लागली, तरी मध्य ओलाच असू शकतो. वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर फाशाला जागा सोडून हलके सपाट वजन ठेवावे, दुसऱ्या दिवशी ते काढावे आणि पुढे आणखी दोन दिवस त्या ठिगळाला हात लावू नये. माझे पहिले ठिगळ मी दुसऱ्या सकाळी उत्साहाने ओढून पाहिले होते आणि ते मधोमध ताणलेल्या लोण्यासारखे वर आले. सगळे खरवडून पुन्हा करण्यात जो वेळ गेला, त्यात चार ठिगळे वाळली असती.

वाळल्यावर गोंदाच्या उघड्या कडेवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळावी, नाहीतर घडी घातल्यावर ती कड शेजारच्या कापडाला धरून बसते. ताडपत्री आतून पॉलियुरेथेनची आणि बाहेरून सिलिकॉनची असेल, तर बाहेरच्या ठिगळाला सिलिकॉनच लागेल. तिथे आतल्या बाजूचा गोंद उपयोगाचा नाही.

टाके बुजवणे

कडेच्या बंधांचे टाके गळले तरी फारसे बिघडत नाही असे वर म्हटले असले, तरी ते बुजवलेले बरे. कापडाचा जलरोध पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजतात. १५०० मिलिमीटरचे कापड म्हणजे दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसणारे कापड. तो आकडा सलग कापडाचा असतो, सुईच्या भोकाचा नाही. शिवाय दोरा स्वतःच पाणी ओढून दुसऱ्या बाजूला पोहोचवतो, त्यामुळे भोक दोऱ्याने भरलेले दिसले म्हणून ते बंद झाले असे होत नाही.

सिलिकॉनच्या कापडासाठी थोडे सिलिकॉन सीलंट घेऊन त्यात मिनरल टर्पेंटाइन थोडेथोडे घालून मधाइतके पातळ होईपर्यंत ढवळावे. हे काम उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करावे. ब्रशने ते टाक्यांवर बाहेरून घासून आत मुरवावे. नुसते वरून फासल्यास भोके तशीच राहतात. जास्तीचे कापडाने पुसून टाकावे, कारण जाड थर घडीवर तडकून सुटतो. पॉलियुरेथेनच्या बाजूसाठी शिवण बुजवण्याचा त्याच जातीचा द्रव वापरावा. मधल्या मुख्य शिवणीवर कारखान्याची पट्टी नसेल, तर ब्रश हातात आहे तोवर तीही बुजवून घ्यावी.

वेगळ्या जातीच्या ताडपत्र्या

विणलेल्या प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिथिनची ताडपत्री घरोघरी असते, आणि तिच्यावर वरचे बहुतेक सारे निरुपयोगी ठरते, कारण पॉलिथिनवर कोणताही साधा गोंद टिकत नाही. तिच्या कडेला आयलेट बसवावे, पण दुमड दुहेरी करून आणि भोक आयलेटच्या नळीपेक्षा किंचित लहान पाडून, म्हणजे कापड त्यातून निसटत नाही. पोटात मात्र खडाच बांधावा. पातळ लेपाच्या नायलॉनला आयलेट कधीही बसवू नये. धातूची कड धागे कापते आणि कडी एक दिवस कापड सोडून बाहेर येते.

पीव्हीसी लेपाच्या जड ताडपत्रीला पीव्हीसीचेच ठिगळ आणि पीव्हीसीचा गोंद उत्तम लागतो. जाड सुती कॅनव्हासवर सुईचे भय कमी असते, कारण ओले झाल्यावर सुती धागे फुगतात आणि भोके बरीच बुजतात; तिथे शिवणीवर मेण घासले, की काम भागते. डायनिमा नावाच्या मजबूत धाग्याच्या अतिहलक्या, कागदासारख्या कापडावर सुईचे भोक ताणाखाली लांबट होत जाते, म्हणून त्यावर बंध चिकटवण्याची रीत आहे. ते कापड महाग असल्याने पहिला प्रयोग त्यावर करू नये.

ओढून आणि भिजवून पाहणे

बंधावर किती भार येतो याचा अंदाज घेतला, तर चाचणी किती कठोर असावी ते कळते. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा त्याच्या वाटेत आडव्या आलेल्या कापडावर समोरून आदळला, तर दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो भाराएवढा रेटा देतो. ३ मीटर बाय ३ मीटरच्या ताडपत्रीवर तो ५४ किलोंच्या घरात जातो. आठ बंधांवर तो सारखा वाटला गेला, तरी प्रत्येकावर जवळजवळ ७ किलो येतात, आणि वारा सारखेपणाने वाटून घेत नसतो. वेग दुप्पट झाला, तर रेटा चौपट होतो.

कडेच्या बंधाची चाचणी घेताना ताडपत्रीचा समोरचा भाग दोन्ही हातांनी धरून किंवा दांड्याला गुंडाळून वर अडकवावा आणि बंधाला पाण्याची बादली टांगावी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने भार मोजायला तराजू लागत नाही. १० लिटर भरून पाच मिनिटे ठेवावे आणि टाक्यांभोवती कापड विरळ होते का ते उजेडासमोर धरून पाहावे. पोटातल्या बंधाला ५ लिटर पुरे. ठिगळाच्या कडेला कुठेही पांढरट रेषा दिसू लागली, तर तिथला गोंद सुटतो आहे असे समजून भार लगेच उतरवावा.

पाण्याची चाचणी वेगळी. ताडपत्री उतार देऊन बांधावी, बंधाखाली जमिनीवर कोरडा कागद पसरावा आणि वरून झारीने दहा मिनिटे पाणी सोडावे. त्यानंतर बंधाच्या मागच्या बाजूला कोरडा टिपकागद दाबून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर उमटतो. इथे एक गफलत नेहमी होते: थंड रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला श्वासाचे बाष्प साचून थेंब धरतात आणि नव्या बंधावर गळतीचा आळ येतो. म्हणून ही चाचणी दिवसा, खाली कोणी नसताना घ्यावी.

दोरी बांधताना

पोटातल्या बंधाला थेट ताठ दोरी न बांधता मधे हातभर लवचीक इलॅस्टिक दोरी घालावी, म्हणजे झोताचा धक्का ती शोषून घेते आणि ठिगळाला अचानक हिसका बसत नाही. हा बंध झोळ काढण्यापुरताच ओढावा. त्याच्यावर ताडपत्रीचा भार टाकू नये. भार कोपऱ्यांनी आणि कडेने पेलायचा असतो. पोटातल्या बंधाची दोरी कडेच्या तणाव्यांपेक्षा मुद्दाम कमकुवत, २ मिलिमीटर जाडीची घ्यावी, कारण अखेर काहीतरी तुटायचेच असेल, तर ते दोरी असावे.

पोटातल्या बंधाची दोरी बहुधा वर झाडाकडे किंवा काठीकडे जाते, त्यामुळे पावसाचे पाणी दोरीवरून घरंगळत थेट बंधापाशी येते आणि ठिगळाची कड रात्रभर भिजत राहते. बंधापासून वीतभर अंतरावर दोरीला सुती नाडीचा एक लहान तुकडा गाठ मारून लोंबता सोडावा. पाणी त्या नाडीवरून खाली टपकून जाते. मात्र वीतभर अंतरावरून टपकणारे थेंब खाली ताडपत्रीच्या उतारावरच पडतील आणि उतार त्यांना कडेकडे नेईल, एवढे बांधताना पाहून घ्यावे.